प्लग मागतो तेवढंच कॉईल देते : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पेट्रोल गाडीची इग्निशन कॉईल (बॅटरीच्या बारा व्होल्टवरून प्लगच्या ठिणगीसाठी हजारो व्होल्ट बनवते ती) कशी डिझाईन करतात यावर दीड पान लिहिलं होतं, मला वाटलं दोन-चार जण वाचतील आणि पान उलटतील, पण प्रश्न एवढे आले की संपादकांनी हा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा राहिला असेल तर रागावू नका. भोसरीत एकवीस वर्षं कॉईलच्याच डिपार्टमेंटला काढली मी, त्यामुळे हा विषय निघाला की मला गप्प करावं लागतं, घरचे करतात, इथे कोणी नाही.

काका, तुम्ही लिहिलंत की ६००० आरपीएमला एका सिलिंडरला दर १० मिलिसेकंदाला ठिणगी लागते. फोर-स्ट्रोकला २० नको का? (चाकण)

हो, २० च. ६००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेरे, फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एक ठिणगी, म्हणजे २० मिलिसेकंद. चूक माझी. थोडी लाज राखायला एवढं सांगतो की बऱ्याच सिंगल सिलिंडर बाईकना पिकअप (ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर) क्रँकवर असतो, इंजिन कुठल्या फेऱ्यात आहे ते त्याला कळतच नाही, म्हणून तो दर फेऱ्याला ठिणगी मारतो, एक कामाची आणि एक एक्झॉस्टच्या वेळी फुकट. तिथे १० बरोबर बसतं. पण मी लिहिताना बाईक डोक्यात होती आणि कागदावर कार उतरली.

सर, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी कॉईल वाइंड करतोय. सेकंडरीला (प्लगकडच्या वाइंडिंगला) १६,००० वेढे असतात, मी ३०,००० घेतले तर व्होल्टेज दुप्पट होऊन ठिणगी पण दुप्पट जाड होईल ना? गाईड म्हणतात होईल. (सांगली)

गाईडना माझा नमस्कार सांग आणि होणार नाही हेही सांग, जरा जपून सांग, मार्क त्यांच्या हातात असतात.

कॉईल बघितली की सगळ्यांना ट्रान्सफॉर्मर आठवतो आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. ती गोफणीसारखी चालते. दगड घालून आधी फिरवायची, जोर साठवायचा आणि मग एकदम सोडायची. प्रायमरीत (बॅटरीकडच्या वाइंडिंगमध्ये) करंट सोडला की तो लगेच पूर्ण येत नाही, हळूहळू चढतो, तेवढ्या वेळात लोखंडात चुंबकीय एनर्जी साठते आणि करंट एकदम तोडला की ती एनर्जी सेकंडरीतून बाहेर पडते. साठा किती, तर अर्धा एल आय वर्ग, एल म्हणजे प्रायमरीचं इंडक्टन्स आणि आय म्हणजे तिच्यातला करंट. तुझ्या सेकंडरीच्या वेढ्यांचं यात नाव तरी आहे का?

आता आकडे घेऊ. मधली लोखंडी दांडी ७५ चौरस मिलिमीटर, तिच्या मार्गात १ मिलिमीटरची गॅप, प्रायमरीचे १८० वेढे. याचं इंडक्टन्स साधारण ३ मिलिहेन्री येतं (गॅपच्या कडेने फाकणारं फील्ड सोडून दिलंय, तुझ्या रिपोर्टमध्ये सोडू नकोस). करंट ७ अँपिअरला तोडला तर साठा ७३ मिलिज्यूलच्या आसपास आणि लोखंडात फील्ड जवळजवळ १.६ टेस्ला. सिलिकॉन स्टीलच्या साध्या स्टॅम्पिंग्ज याच्या थोडं पुढे गेल्या की भरतात, मग करंट कितीही चढव, वाढतं फक्त तापमान. आणि ती गॅप फालतू म्हणून काढून टाकशील तर एक अँपिअरच्याही आत लोखंड भरून जाईल, कारण एनर्जी लोखंडात फारशी नसतेच, त्या एक मिलिमीटरच्या मोकळ्या फटीत असते. मला हे पहिल्यांदा साहेबांनी सांगितलं तेव्हा पटलंच नव्हतं, रात्री घरी जाऊन दोनदा गणित केलं. हल्लीच्या चांगल्या कॉईलमध्ये त्या फटीत पातळ मॅग्नेट उलट्या दिशेने बसवतात, म्हणजे लोखंड शून्याऐवजी मायनसपासून सुरू होतं आणि तेवढ्याच दांडीत जास्त माल बसतो.

आता व्होल्टेज. करंट तोडल्यावर सेकंडरीचं व्होल्टेज चढायला लागतं, आणि ते चढतं तिथल्या कपॅसिटन्सला भरत, म्हणजे वाइंडिंगचा स्वतःचा, वायरचा, प्लगचा मिळून ६० पिकोफॅरड धर. ५० मिलिज्यूल जरी पोचले तरी हिशोबाने ४० हजार व्होल्टपर्यंत जायची ताकद आहे. पण जातं का? प्लगची गॅप १२ हजाराला फुटली की तिथेच थांबतं. गॅप फुटली, ठिणगी लागली, आता व्होल्टेज काही शे ते हजारभरावर येतं आणि उरलेली एनर्जी एक-दीड मिलिसेकंद जळत राहते. १२ हजारापर्यंत चढायला जेमतेम ४-५ मिलिज्यूल गेले, बाकीचे ठिणगीत. डब्यावर ४०,००० छापलेलं असतं ती कॉईलची ऐपत आहे, रोजचा खर्च नाही.

मग तुझे ३०,००० वेढे काय करतील? वेढे वाढले की वाइंडिंगचा कपॅसिटन्स वाढतो, रेझिस्टन्स वाढतो, व्होल्टेज सावकाश चढतं आणि ठिणगीचा करंट पडतो. १६,००० भागिले प्रायमरीचे १८० म्हणजे रेशो ८९, ७ अँपिअर भागिले ८९ म्हणजे सुरुवातीला ७८ मिलिअँपिअर. ३०,००० ला तेच ४२. ठिणगी जाड व्हायच्या ऐवजी बारीक झाली. शिवाय प्लगवर काजळी असेल तर सावकाश चढणारं व्होल्टेज काजळीतूनच गळून जातं, गॅपपर्यंत पोचतच नाही. तुला ठिणगी जाड पाहिजे तर दांडी, दांडीच्या मार्गातली गॅप आणि प्रायमरी करंट याच्यात हात घाल.

एक गोष्ट मात्र नक्की कर. बॅटरी १४ व्होल्टला असताना ७ अँपिअर व्हायला किती वेळ लागतो आणि स्टार्टर मारताना बॅटरी ८ व्होल्टला बसली की किती, हे काढ. प्रायमरी आणि हार्नेस मिळून ०.६ ओहम धर. पहिलं येईल १.८ मिलिसेकंद आणि दुसरं ३.७, दुपटीहून जास्त. ईसीयूमध्ये (इंजिनच्या कंट्रोलरमध्ये) बॅटरी व्होल्टेजप्रमाणे ड्वेलचं, म्हणजे करंट किती वेळ चालू ठेवायचा त्याचं, टेबल का असतं ते तुझं तुलाच दिसेल, आणि व्हायव्हाला हा प्रश्न येतोच.

इथे डिअरबॉर्नच्या म्युझियममध्ये जुनी फोर्ड मॉडेल टी बघितली. डॅशवर लाकडी खोकं आणि आत चार कॉईल. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल ही १९०८ चीच आयडिया आहे का? (मिशिगन)

आहे की, खरं तर त्याच्याही आधीची! त्या थरथरणाऱ्या कॉईल, डोअरबेलसारखा पॉइंट (करंट जोडणारा-तोडणारा स्विच) असतो, चालू असताना घूं घूं आवाज करतात आणि एक ठिणगी द्यायच्या ऐवजी ठिणग्यांची झड लावतात. करंट फ्लायव्हीलमधल्या मॅग्नेटोतून येतो. त्याच सुमाराला अमेरिकेतल्याच डेटनमध्ये चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने डेल्को कंपनी सुरू केली, १९०९ ला, आणि झडीऐवजी एकच नेमकी ठिणगी अशी पद्धत कॅडिलॅकवर आणली. डिस्ट्रिब्यूटर लावून एकच कॉईल चारही सिलिंडरना वाटून दिली की झालं, स्वस्त आणि सुटसुटीत, जगभर सत्तर-ऐंशी वर्षं हेच चाललं.

परत चार कॉईल का आल्या, तर वेळ पुरेना. चार सिलिंडर, एक कॉईल, ६००० आरपीएम, म्हणजे दर ५ मिलिसेकंदाला एक ठिणगी. त्यातला दीड मिलिसेकंद ठिणगी जळण्यात गेला, उरले साडेतीन, पॉइंट असेल तर तो उघडा राहतो तो वेळ अजून कमी. जुन्या कॉईलचं इंडक्टन्स ८-१० मिलिहेन्री, ती एवढ्या वेळात अर्धवटच भरते, म्हणून जुन्या गाड्या वरच्या आरपीएमला मिसिंग करायच्या. प्रत्येक प्लगवर स्वतःची कॉईल बसवली की प्रत्येकीला २० मिलिसेकंद मिळतात, आरामात. वायरही गेली, डिस्ट्रिब्यूटरही गेला. त्या बदल्यात कॉईल इंजिनच्या डोक्यावर जाऊन बसली, शंभर-सव्वाशे डिग्रीत, आणि आमच्यासारख्यांची झोप गेली.

माझं गॅरेज आहे. पूर्वी बाईकची कॉईल मल्टीमीटरला ८-१० किलोओहम दाखवायची. आता कारच्या नवीन पेन्सिल कॉईल मोजल्या तर सेकंडरी सरळ ओपन. तीन परत केल्या, दुकानदार भांडतोय. खरं कोण? (नाशिक)

दुकानदार. सॉरी, पण बहुतेक त्याचंच बरोबर आहे.

आत डायोड असतो. करंट तोडताना ठिणगी पडते हे सगळ्यांना माहितीये, पण करंट सोडतानाही सेकंडरीला उलट्या बाजूचं व्होल्टेज येतं, बॅटरीचे १४ गुणिले वरचा रेशो ८९ म्हणजे साडेबाराशेच्या आसपास. डिस्ट्रिब्यूटर होता तोवर त्यातल्या फिरत्या रोटरची गॅप हे अडवायची. आता कॉईल थेट प्लगवर, आणि ड्वेल सुरू होतो तेव्हा सिलिंडरमध्ये प्रेशर अजून चढलेलं नसतं. प्रेशर कमी असलं की गॅप थोडक्यात फुटते, नको त्या वेळी ठिणगी पडली तर इनटेकमध्ये फटाका. म्हणून हाय व्होल्टेज डायोड आतच टाकतात. तो बऱ्याच जंक्शनची माळ असतो, उघडायला त्याला बरेच व्होल्ट लागतात आणि तुमचा मल्टीमीटर देतो दोन-तीन. प्रोब कसेही फिरवा, ओपनच दिसणार. कनेक्टरला तीन-चार पिना असतील तर आत आयजीबीटी (करंट तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) पण आहे, मग प्रायमरीचंही मोजमाप विसरा.

चेक करायची सोपी रीत म्हणजे अदलाबदल. पहिल्या सिलिंडरची कॉईल दुसऱ्यावर टाका, स्कॅनरला पी०३०१ (पहिल्या सिलिंडरच्या मिसफायरचा कोड) येत होता तो पी०३०२ (दुसऱ्याचा) झाला तर कॉईल गेली, नाही झाला तर प्लग, इंजेक्टर, वायरिंग बघा. एक मात्र हात जोडून सांगतो, करंट येतो का बघायला कॉईल उपसून हवेत धरून स्टार्टर मारू नका. प्लगच नाही तर व्होल्टेज थांबायला जागा नाही, ते थेट वरच्या टोकापर्यंत जातं आणि सगळा मार कॉईलच्या इन्सुलेशनला बसतो. चांगली कॉईल चेक करता करता मारलेली मी कितीतरी पाहिलीत.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी ठेवलीय. परवा इंजिन बंद ठेवून चावी ऑन करून अर्धा तास रेडिओ ऐकत बसलो तर कॉईल हात लावता येईना इतकी तापली, वास पण आला. एरवी तासभर चालवली तरी असं होत नाही. (ठाणे)

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेली, तुमच्याकडे एक आहे हे वाचून बरं वाटलं, तेव्हा तिला असं छळू नका.

इंजिन बंद झालं तेव्हा पॉइंट जुळलेल्या अवस्थेत थांबला असणार. मग कॉईलमधून सलग करंट. ३ ओहमची कॉईल, १२ व्होल्ट, ४ अँपिअर, म्हणजे ४८ वॉट, सोल्डरिंगची मोठी इस्त्रीच की ती. चालू इंजिनात पॉइंट उघडझाप करतो, करंट चढतो न चढतो तोच तुटतो, वर फॅनचा वारा. या डबा कॉईलमध्ये प्रायमरी मुद्दाम सेकंडरीच्या बाहेरच्या बाजूला गुंडाळलेली असते, उष्णता तेलातून पत्र्याला आणि पत्र्यातून हवेला जावी म्हणून. पण अर्धा तास ४८ वॉट हे तिच्या हिशोबात कधीच नव्हतं. बुडाशी किंवा टोपणाच्या कडेला तेलाचा ओशटपणा दिसला तर बदलून टाका. आणि रेडिओला वेगळी लाईन घ्या.

सीडीआयवाल्या बाईकची कॉईल पॉइंटवाल्या जुन्या गाडीला चालेल का? फिटिंग बसतंय. (बार्शी)

फिटिंग बसेल, गाडी नाही चालणार. सीडीआयमध्ये एनर्जी कपॅसिटरमध्ये साठते, दोन-तीनशे व्होल्टला, आणि कॉईल तिथे खरोखरच ट्रान्सफॉर्मर असते, नुसतं वाढवून द्यायचं काम. तिची प्रायमरी एक ओहमच्या आत असते. पॉइंटवर लावली तर करंट बारा अँपिअरच्या वर जाऊ बघेल, आधी पॉइंट जळेल मग कॉईल.

माझी व्हॅन सीएनजीवर आहे, शाळेच्या मुलांची ने-आण करते. वर्षात तीन कॉईल बदलल्या, प्रत्येक वेळी मेकॅनिक म्हणतो हलका माल आला. चांगली कंपनी कोणती सांगा. (पिंपरी)

ताई, कंपनी मी सांगणार नाही, आणि तीनही वेळा हलका माल आला असेल असं मला वाटतही नाही. वर सांगितलं ना, कॉईल प्लग मागेल तेवढं व्होल्टेज देते. सीएनजीच्या मिश्रणात गॅप फोडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यात प्लग झिजून गॅप ०.८ ची १.१ झालेली असली की मागणी अजून वर. कॉईल बिचारी देत राहते, महिना-दोन महिने, आणि मग कुठून तरी फुटते. नवीन कॉईल टाकतात, प्लग तोच ठेवतात, परत तेच.

पुढच्या वेळी मेकॅनिकला प्लग काढायला लावा आणि त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर बघा. वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर व्होल्टेज गॅप सोडून बाहेरून पळतंय. तशीच रेघ प्लगवर बसणाऱ्या कॉईलच्या रबरी बूटच्या आतल्या अंगाला सापडते, बूट उलटा करून टॉर्च मारायला लागतो. रेघ असलेला प्लग आणि बूट दोन्ही एकदमच बदलायचे, एक ठेवला तर तो दुसऱ्याला परत बिघडवतो. प्लग पेट्रोलच्या मानाने लवकर बदला आणि गॅप किटवाल्याने सांगितली असेल तेवढीच ठेवा, ती पेट्रोलपेक्षा थोडी कमीच असते. पावसाळ्यात इंजिनवर पाण्याचा पाईप मारून धुणं बंद. प्लगच्या खड्ड्यात चमचाभर पाणी पुरतं.

महागडी परफॉर्मन्स कॉईल टाकली तर ॲव्हरेज वाढेल का? (अकरा जणांनी विचारलंय)

गाडी मिसिंग करत नसेल तर नाही.

आमचं छोटं वर्कशॉप आहे, रिप्लेसमेंट कॉईल बनवतो. प्रत्येक कॉईल टेस्ट बेंचवर दहा सेकंद ३५ हजारला चालवून पाठवतो, सगळ्या पास. तरी तीन-चार महिन्यांनी परत येतात. तार चांगली, स्टॅम्पिंग चांगल्या. कुठे चुकतंय? (इचलकरंजी)

हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण हे मी स्वतः भोगलंय.

दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. पावसाळा संपता संपता एकाच लॉटच्या कॉईल परत यायला लागल्या, रोज पाच-सहा. बेंचवर सगळ्या पास झालेल्या, रजिस्टरवर सही माझी. शेवटी एक कॉईल व्हाईसमध्ये धरून हॅकसॉने उभी कापली, पॉलिश पेपरवर घासून आरशासारखी केली आणि भिंगाखाली धरली. सेकंडरीच्या शेवटच्या खणातून (तार गुंडाळायच्या बॉबिनवर भिंती घालून कप्पे पाडतात, ते खण) लोखंडाच्या कोपऱ्याकडे रेझिनमध्ये, म्हणजे आत ओतून घट्ट केलेल्या एपॉक्सीत, एक काळं झाड उगवलेलं. अक्षरशः झाड, खोड, फांद्या, फांद्यांना फांद्या, सगळं मिळून दीड मिलिमीटर. खोडाच्या बुडाशी टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा.

तो बुडबुडाच सगळं करतो. एपॉक्सीपेक्षा हवेत फील्ड जास्त एकवटतं, आणि हवा फुटते मिलिमीटरला ३ हजार व्होल्टला, जिथे एपॉक्सी त्याच्या पाच-सहा पट सोसते. म्हणजे कमजोर माणसावर जास्त ओझं. दर ठिणगीला त्या बुडबुड्यात बारीक फुसफुस होते, बाहेर काही कळत नाही, पण कणाकणाने रेझिन जळत जातं. ३००० आरपीएमला एका सिलिंडरला तासाला ९०,००० ठिणग्या होतात. तुमची दहा सेकंदांची टेस्ट त्यापुढे काय सांगणार?

आमच्याकडे कारण निघालं ते सांगायला पण लाज वाटते. व्हॅक्यूमचं गेज पंपाच्या तोंडाशी लावलेलं होतं आणि पंप ते चेंबर यातला पाईप एका जॉइंटला गळत होता. गेज म्हणतंय सगळं छान, चेंबरमध्ये अर्धी हवा तशीच. रेझिन ओतताना केसापेक्षा बारीक तारेच्या १६,००० वेढ्यांमधून ती हवा निघायला पाहिजे, ती निघालीच नाही. रोज सकाळी मी ते गेज बघून टिकमार्क करत होतो.

तेव्हा पहिलं तुमचं गेज चेंबरवर आहे का बघा. बॉबिन आणि वाइंडिंग ओतण्याआधी ओव्हनमध्ये वाळवता का? इचलकरंजीत जुलैत हवा कशी असते मला नको सांगू, ओलसर बॉबिनमधून पॉटिंगच्या (रेझिन ओतायच्या) वेळी वाफ सुटते आणि तिचेच बुडबुडे होतात.

दुसरं, रेझिनमध्ये सिलिका फिलर किती? नुसती एपॉक्सी तापली की तांब्याच्या तिप्पट-चौपट पसरते, इंजिनवर रोज गरम, रात्री गार, महिनाभरात तारेपासून सुटून चीर पडते, आणि चीर म्हणजे लांबट बुडबुडाच. फिलर जास्त घातला की पसरणं कमी होतं पण रेझिन दाट होऊन तारांमध्ये शिरत नाही, म्हणून ओतताना रेझिन आणि कॉईल दोन्ही गरम ठेवायला लागतात. याचं बरोबर प्रमाण मला कोणी सांगितलेलं नाही, दर रेझिनला ते ट्रायल घेऊनच काढलंय, तुम्हालाही तेच करावं लागेल.

तिसरं, तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुमचं बॉबिन सरळ आखूड नळीसारखं दिसतंय, खण नाहीत. ३५ हजार भागिले १६,००० म्हणजे वेढ्यामागे सव्वादोन व्होल्टच्या आसपास. एका थरात ४०० वेढे घातले तर थराच्या टोकाला वरच्या-खालच्या तारेत पावणेदोन हजार व्होल्टचा फरक, आणि मधे इनॅमल (तारेवरचं इन्सुलेशनचं पातळ आवरण) किती, काही मायक्रॉन. तेच आठ खण करून प्रत्येकात २००० वेढे, थरात ४० च, म्हटलं तर फरक पावणेदोनशेवर येतो. डाय नवीन करावी लागेल, खर्च आहे, पण याला पळवाट नाही. आणि खणाच्या भिंतीवरून तार पुढच्या खणात जाते तिथे काप गोल ठेवा, धारदार कडेवर इनॅमल खरवडलं तर बाकी सगळं करून उपयोग शून्य.

परत आलेल्या कॉईल भंगारात घालू नका. वीस-पंचवीस कापा. काळं झाड प्रत्येकीत एकाच जागी सापडलं तर बॉबिन, कुठेही सापडलं तर व्हॅक्यूम. कापलेल्या तुकड्यांचे फोटो पाठवा, भिंगातून मोबाईलने काढले तरी चालतील, मी बघतो.